चौथं माप

ही गोष्ट हायवेवरचे ड्रायव्हर लोक चुकीची सांगतात, म्हणून लिहायला बसलो. तळेगावच्या ढाब्यावर सांगतात की कारंजाचा सीटवाला म्हातारा समुद्रात उलटा झाला होता. नागपूरकडे जसजसं जावं तसतशी गोष्ट फुगते आणि तिकडे पोचेपर्यंत त्याच म्हाताऱ्याने अख्खी बोट बांधलेली असते. मी समुद्र अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. उलटा झालो होतो हे खरं, पण माझ्याच दुकानापुढे, लोखंडी घोडीला टांगून, आणि अंगाला घामाशिवाय पाण्याचा थेंब लागला नव्हता. बोट माझ्या मुलीने बनवली. मी तिच्या चार सीटा केल्या. सरळ सांगितलं तर गोष्ट इथेच संपते, पण पोरीची गोष्ट बापाने एवढ्यात का संपवावी?

माझं दुकान कारंजा घाडग्याला, नागपूर-अमरावती रस्त्याच्या कडेला आहे. उभं आयुष्य ट्रकच्या सीटा करण्यात गेलं. लोकांना वाटतं सीट म्हणजे फोम, रेक्झिन आणि चार खिळे. असं म्हणणारा माणूस दुकानात आला की मी त्याला चहा विचारत नाही. ड्रायव्हर दिवसाचे बारा-चौदा तास एका जागी बसतो. सीट चुकली तर त्याची कंबर जाते, कंबर गेली की लक्ष जातं, आणि मग काय जातं ते या रस्त्यावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

माप घ्यायची माझी रीत वेगळी आहे. मी टेप लावत नाही. आमच्याकडे जिनिंगमधून सरकी मिळते, कपाशीचं बी. अर्धं पोतं सरकी भरून मी फळीवर ठेवतो आणि ड्रायव्हरला म्हणतो, बस, आणि चहा पी. चहा संपेपर्यंत तो नीट बसलेला असतो, म्हणजे जसा रोज बसतो तसा, फोटोला बसतात तसा नाही. तो उठला की सरकीत त्याचा ठसा राहतो. कुठे भार जास्त, कुठे कमी, कोणता कुल्ला दाबून बसतो, सगळं त्यात असतं. त्या ठशात जागोजागी काडी खोचायची, खोली मोजायची, कागदावर लिहायची आणि तसा फोम कापायचा.

दुसरी रीत म्हणजे दुकानाचा कायदा. सीट तयार झाली की तिच्यावर पहिल्यांदा मी बसतो. गाडीचा मालक कितीही मोठा असो, आधी मी. खिळा वर आला असेल तर तो मला टोचला पाहिजे. माझी मुलगी लहानपणी शाळेतून आली की याच सरकीच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची, एक पाय मुडपून, डावीकडे कलून. मी सीटवर बसलो की ती विचारायची, "बाबा, तुम्हीच काऊन बसता पयले?" मी सांगायचो, ज्यानं काम केलं त्यानं पहिले बसावं. हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही. तेव्हा ते सांगताना मला फार बरं वाटायचं.

दहावीनंतर ती सिंदी मेघेला माझ्या बहिणीकडे शिकायला राहिली, मग इंजिनिअरिंग, मग जहाजं कशी बांधतात त्याचं शिक्षण घ्यायला पार किनाऱ्यावर गेली आणि तिथेच एका बोटीच्या कारखान्यात लागली. आमच्या खानदानात विहिरीत पोहणारे दोघं-तिघं, त्यापलीकडे पाण्याशी कोणाचा संबंध नाही. लोक विचारायचे, पोरगी काय करते? मी म्हणायचो, बोटी काढते. मासे पकडायच्या का? नाही, म्हटलं, बुडणारी माणसं काढायच्या. मग समोरचा गप्प व्हायचा, आणि तो गप्प झाला की माझी छाती फुगायची. लपवून काय करू.

एकदा सुट्टीत आली तेव्हा तिने माझ्या कटाईच्या टेबलावर तिच्या बोटीचा नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर कात्री, टेप, खडूचा डबा आणि माझा चष्मा ठेवला. तिची पहिली बोट, जिचं सगळं डिझाइन तिच्या हातचं. मी ट्रक बघावा तशी बघितली. इंजिनं दोन, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी यायचं. मला पटलं. मागे ओढायचा भक्कम खांब, बंद पडलेली होडी दोराने बांधून आणायला. आपलं टोचनच झालं ते, मी म्हणालो. छपरावर रडार आणि मोठा दिवा, आत स्ट्रेचर, बाहेर चहूबाजूंनी लोंबणारा दोर, पाण्यातल्या माणसाला धरायला. एका अंगाला बोटीची कड खाली आणलेली होती, जवळजवळ पाण्याला टेकेल इतकी. भिजलेला माणूस फार जड होतो, ती म्हणाली, उंच कडेवरून दोघांनाही ओढला जात नाही. तिथून तो आत सरकवायचा. ट्रकचा फाळका पाडून माल आत घेतात तसंच, म्हटल्यावर ती हसली. म्हणाली की ते तिला इथेच सुचलं होतं, संत्र्याचे क्रेट चढताना बघून. बोटीचा रंगही संत्र्याचा होता, पण तो आमच्यासाठी नव्हता. तो लांबून दिसतो म्हणून.

मग तिने खरी गंमत सांगितली. ही बोट लाटेने उलटली तर आपोआप सरळ होते. इंजिन आणि टाक्या तळाशी, म्हणजे वजन खाली. वर केबिन बंद, दारं-खिडक्या गच्च, आत नुसती हवा. हवेची भोकं उलटल्याबरोबर आपली आपण मिटतात. उलटी झाली की हवा वर यायला बघते, वजन खाली जायला बघतं, आणि बोट फिरून सरळ होते. जत्रेत डुलणारी बाहुली मिळते, ढकलली तरी उभी राहते, तसं. पण तेवढा वेळ आतली माणसं डोकं खाली, पाय वर अशी लटकलेली असतात, सीटला बांधलेली. तेव्हा त्यांचा जीव म्हणजे ती सीट.

बाहेरून आलेल्या सीटा तिच्या खलाशांना मोठ्या होत होत्या. बोट लाटेवरून सुटते आणि पाण्यावर आदळते. आमच्याकडे न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवरून भरधाव ट्रक उडतो तशी, पण दर मिनिटाला. पोरांच्या कंबरा धरत होत्या आणि बेल्ट भलतीकडेच लागत होते. तिने साहेबांना सांगितलं की कारंजात एक माणूस आहे. हा माणूस आपला बाप आहे, हेही सांगितलं. साहेब हसले असतील. पण हो म्हणाले.

मी एका ओळखीच्या ट्रकने पोतंभर सरकी पाठवली. बोटीच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमनने ते पोतं उघडून बराच वेळ हात घालून बघितलं म्हणे. मुलीने खलाशांना त्यावर बसवून चहा पाजला, काडी खोचून मापं घेतली, अगदी माझ्यासारखी, आणि चार कागद फोनवर पाठवले. चौथं माप बारीक होतं. असेल एखादा किरकोळ पोरगा, मी मनात म्हणालो आणि कामाला लागलो.

आता माझी चूक सांगतो. ड्रायव्हर लोक हा भाग गाळतात, माझ्या मानासाठी गाळतात हे मला समजतं, पण लिहायचं तर सगळं लिहायचं. ट्रकच्या सीटची गादी निघाली पाहिजे, हे आमच्या धंद्यात बाळकडूसारखं आहे. गादीखाली जॅक आणि पाने असतात. शिवाय ढाब्यावर थांबला की ड्रायव्हर तीच गादी काढतो, ट्रकच्या सावलीत टाकतो आणि झोपतो. न निघणारी गादी मी केली असती तर तो दुसऱ्या दिवशी भांडायला आला असता. म्हणून पुढे दोन हूक, मागे नुसती खाच, उचलली की हातात. त्या चार गाद्याही मी तशाच केल्या. तिला फोनवर फोटो पाठवले, तिलाही काही खटकलं नाही. तीही याच गाद्यांवर वाढली होती.

पहिल्या चाचणीत त्यांनी सीटांवर वाळूची पोती बांधली आणि क्रेनच्या पट्ट्याने बोट बंदरातल्या पाण्यात उलटवली. बोट झाली सरळ. दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, गाद्या निघाल्या."

मी म्हणालो, गादी निघायलाच पाहिजे. चांगली गादी निघते. माझी एकही गादी आजपर्यंत अडकली नाही. मी बरंच बोललो, समुद्राला बोललो, क्रेनवाल्याला बोललो, तिच्या साहेबांनाही सोडलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली की बोट उलटी असते तेव्हा गादी डोक्यावर पडते, आणि गादी गेली की खालची जागा रिकामी होऊन बेल्ट सैल पडतो. एक पोतं बेल्टमधून सुटून छताला जाऊन फुटलं होतं. पोत्याच्या जागी माणूस असता तर, हे ती बोलली नाही. साहेब म्हणत होते की जुन्याच सीटा बसवा. तिने दहा दिवस मागून घेतले होते, स्वतःच्या शब्दावर.

फोन ठेवल्यावर मी दुकान बंद केलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. माझ्यावर कोणी हसलं असतं तर मी शिवी देऊन मोकळा झालो असतो, पण तिने माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि तो मी खाली पाडला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं उसवलं. फोमखाली कापूस-काथ्या भरायची सवय सोडली आणि पाणी न पिणारा फोम मागवला. गादी खालून ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आठ बोल्टांनी आवळली. बेल्टची पाचही टोकं गादीतून काढून थेट सांगाड्याला नेली, म्हणजे गादी फाटली तरी माणूस सुटणार नाही. शिलाई ताडपत्रीची, दुहेरी, मेण लावलेल्या नायलॉन दोऱ्याची. मुलीने सांगून ठेवलं होतं की चौथी सीट आधी करा. का ते विचारलं नाही. चौथा कागद घेऊन फोम कापायला बसलो.

पहिल्या खेपेला मी आकडे नुसते उतरवून घेतले होते. या खेपेला नीट वाचले. डावीकडचा खड्डा उजव्यापेक्षा चांगला अंगठाभर खोल होता, आणि उजव्या मांडीखाली एक उंचवटा, पाय मुडपून बसणाऱ्याचा असतो तसा. मी कात्री खाली ठेवली. हजारो माणसांचे ठसे मी पाहिले आहेत, पण हा ठसा माझ्या दुकानात, माझ्याच पोत्यात, रोज दुपारी पडायचा.

मी लगेच फोन लावला. "तीन मापं तुह्या खलाशांची. चौथं कोणाचं?"

तिने विषय बदलला, दोरा पुरला का ते विचारलं.

"मी सीटवाला आहो. डावीकडं कोण कलते ते मले म्हाईत नाई काय?"

"माहं हाय, बाबा."

मग तिने सांगितलं. दुसऱ्या चाचणीत तीन सीटांवर पोती राहतील, चौथीवर ती स्वतः. बोट उलटवतील तेव्हा ती आत असेल. मी म्हणालो, तिथंही पोतं ठेव. ती म्हणाली की पोतं काही सांगत नाही, बेल्ट कुठे रुतला, हँडलला हात पुरला की नाही, अंधारात दार कोणत्या बाजूला वाटलं, हे माणसालाच समजतं. मी विचारलं, कोण बसवून राहिलं तुला, तुझा साहेब?

"कोणी नाई. साहेब तं नको म्हणून राह्यले. ज्यानं काम केलं त्यानं पयले बसावं. लहान होती तवापासून हेच तं आयकून राह्यली मी."

माझाच कायदा. मी तो इतकी वर्षं मिरवला होता. पण खिळा टोचणं वेगळं आणि पाण्याखाली उलटं लटकणं वेगळं, हे मला तिला सांगता आलं नाही, कारण तिच्या दृष्टीने ते वेगळं नव्हतं. तिच्याबद्दल मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला आणि इतकी भीती वाटली, की दोन्हींचा मिळून मला रागच आला. मी फोन आपटला.

चौथी सीट तयार झाली तेव्हा बाजूच्या ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्याकडून इंजिन टांगायची लोखंडी घोडी आणि चेन पुली आणली. सीट एका जुन्या केबिनच्या फ्रेमवर बोल्टांनी बसवली, फ्रेमला साखळ्या लावल्या, आणि कायद्याप्रमाणे मी बसलो. सीट मला लहान होती, कुल्ले दोन्हीकडून आवळले गेले. पाचही बेल्ट लावले आणि साखळी ओढायला सांगितलं. जो ड्रायव्हर साखळीवर होता तो माझा जुना गिऱ्हाईक, त्याच्या ट्रकची सीट दोनदा मीच केलेली. तो म्हणाला, "उस्ताद, या वयात डोक्यात रगत उतरन." मी म्हणालो, ओढ.

जग उलटं झालं. ट्रक आभाळातून चालले होते. ढाब्यावरचे लोक जेवण टाकून आले. बोट सात-आठ सेकंदांत सरळ होते असं ती म्हणाली होती, म्हणून मी ड्रायव्हरला दोन मिनिटं सांगितली होती. खांद्यांत बेल्ट रुतले, डोळे भरून आले, पण मी लटकल्या लटकल्या अंग हिसडत होतो, डावीकडे जास्त, कारण ती डावीकडे कलते. गादी हलली नाही. तेवढ्यात माझी बायको डबा घेऊन आली. तिने उलट्या नवऱ्याकडे पाहिलं, डबा खाली ठेवला, जवळ आली आणि एकेक बेल्ट स्वतः ओढून पाहिला. चौथ्या मापाचं तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण मुलीने तिला आधीच सांगितलेलं होतं.

"अजून एक डाव पाहा," ती म्हणाली. "जेवण मंग."

अजून एकदा पाहिलं. मग अजून एकदा. उरलेल्या तीन सीटाही तशाच टांगल्या आणि चारही ट्रकने रवाना केल्या.

चाचणीच्या दिवशी मी दुकान उघडलं, पण हातात काम धरवत नव्हतं. साखळी ओढणाऱ्या त्याच ड्रायव्हरच्या नव्या ट्रकची सीट तयार होऊन पडली होती आणि तो ती न्यायला आला होता, पण घाई करत नव्हता. अकराच्या सुमारास मुलीच्या सोबतच्या एका पोरीने व्हिडिओ कॉल लावला, तशी माझी बायको आणि ढाब्यावरचे लोक फोनभोवती जमले. धक्क्यावरून बोट दिसत होती, संत्र्याच्या रंगाची, पोटाखालून क्रेनचा पट्टा गेलेला. बाजूला पाण्यात पाणबुडे तयार होते. मुलगी हेल्मेट घालून दारात आली, फोनकडे बघून हात केला आणि आत गेली. दार गच्च लागलं.

मी आजवर कित्येक सीटांवर पहिल्यांदा बसलो. कोणी बसलेलं असताना बाहेर उभं राहून बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला वाटायचं, बसणाराच काय तो हिमतीचा. बायकोने माझा दंड धरला होता आणि तिची नखं लागत होती.

क्रेनने पट्टा ओढला. बोट कुशीवर झाली, मग पूर्ण उलटी, वर नुसतं काळं पोट. आत कुठेतरी खालच्या अंगाला माझी पोरगी आठ बोल्टांवर लटकली होती. पट्टा सुटला. मी मोजायला लागलो. तीन. चार. पाचला बोट थरथरली. सहाला एका अंगाने वर यायला लागली आणि सातला पाणी झटकत उभी राहिली, रडार, दिवा, सगळं जागच्या जागी. दुकानापुढे कोणीतरी टाळी वाजवली. मी हात वर करून थांबवलं, कारण दार उघडलं नव्हतं.

दार उघडलं नाही. पाणबुडे बोटीपाशी गेले. मी मोजणं सोडलं होतं. मग दाराची मूठ आतून फिरली आणि ती बाहेर आली, हेल्मेट काखेत, केस कोरडे. धक्क्यावर चढली आणि सरळ फोनपाशी आली. उशीर का झाला ते नंतर कळलं, ती सीटवर बसूनच कागदावर नोंदी करत होती. चेहरा लाल झाला होता. आजूबाजूला सगळे तिच्या बोटीबद्दल बोलत होते, तिचे साहेब काहीतरी म्हणत होते. तिने तिकडे पाहिलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "गादी हलली नाई."

बायकोने फोन घेतला आणि तिला जेवली का ते विचारलं. मी दुकानाच्या मागे गेलो, सरकीच्या पोत्यावर बसलो आणि रडलो. पुष्कळ रडलो. आत येऊन कोणीतरी पाणी ठेवून गेलं.

बाहेर आलो तेव्हा मी जमलेल्या लोकांना सांगितलं की ती माझी मुलगी आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे, सकाळपासून हे सातव्यांदा सांगताय. मग मला त्या ड्रायव्हरची आठवण झाली. सकाळपासून तो सीटसाठी थांबला होता. मी त्याची सीट ट्रकमध्ये बसवली, हूक लावून बघितले, आणि नेहमीप्रमाणे आधी मी बसलो.

बसलो तो बसूनच राहिलो. एकदा डावीकडे कलून पाहिलं. शेवटी त्याने खालून विचारलं, "उस्ताद, उतरता का?"

"थांब जरासा," मी म्हणालो. "पाहून राह्यलो."